नागपुरात वॉर्डाच्या समस्यांचे व्हिडिओ टाकतो, पण प्रेसकार्ड नाही. मला पत्रकार म्हणता येईल का?

तुम्ही लिहिलंय की तुंबलेल्या गटारीचं शूटिंग करताना एका साहेबांनी "कार्ड दाखवा" म्हणून हटकलं आणि तेव्हापासून तुमचा हात आखडला. हात आखडू देऊ नका. लिहायला, प्रसिद्ध करायला आपल्याकडे परवाना लागत नाही. तो हक्क संविधानाच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला दिलाय. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकाराला मिळणारी सरकारी मान्यता, ही वेगळी गोष्ट आहे. पैसे घेऊन कार्ड वाटणारेही भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

मी ब्लॉग सुरू केला तो २००६ च्या शेवटी. त्या वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारलं. मोठ्या माध्यमांनी त्याची नीट दखल घ्यायला कित्येक आठवडे लावले. तोवर कार्यकर्त्यांचे अहवाल, ईमेल, ब्लॉग यांतूनच खरं काय घडलं ते लोकांपर्यंत पोचत होतं. नोव्हेंबरात नागपुरात लोक रस्त्यावर उतरले. छापून आलं नाही म्हणजे घडलं नाही असं नसतं, हे मला तेव्हा आतून कळलं.

पण आता अडचण उलटी आहे. सगळंच येतं, आणि दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीने काठ सोडला. आमच्या ग्रुपवर "अंबाझरी फुटला" म्हणून व्हिडिओ फिरत होता. नीट पाहिलं तर मागच्या दुकानाची पाटी तेलुगूत! तलाव फुटला नव्हता, सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटेवरून, पाणी आलं होतं. पाणी ओसरल्यावर मी अंबाझरी लेआउटमध्ये गेलो. एका घरात काकूंनी खाटेवर भिजलेली कागदपत्रं एकेक करून पसरली होती, वर पंखा चालू. भिंतीवर चिखलाची रेघ होती, टेप लावला तर चार फूट दोन इंच. काकू म्हणाल्या, "फोटो तर सगळेच काढून राहिले भाऊ, लिहून कोण घेऊन राहिलं?"

मी वही काढली. घर, वेळ, पाण्याची उंची, पहिला फोन कुणाला केला, उचलला की नाही. त्या दिवशी सोळा घरं झाली. त्या भागातल्या रहिवाशांनी पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका केली, सांडव्यासमोरचं विवेकानंद स्मारक पाण्याला अडथळा होतं, हा मुद्दा त्यात आला. कॅमेरे तोवर कधीच निघून गेले होते. लोकांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि मला तीच खरी पत्रकारिता वाटते.

तेव्हा तुमच्या गटारीचं असं करा. व्हिडिओत तारीख, वेळ आणि जागा स्वतःच्या तोंडाने बोला, मूळ फाइल पुसू नका. मग माहिती अधिकाराचा अर्ज द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, दीडशे शब्दांच्या आत. कार्यादेश (कंत्राटदाराला दिलेला कामाचा आदेश), कंत्राटदाराचं नाव, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची) प्रत, दुरुस्तीची जबाबदारी किती महिने कुणाची, एवढंच मागा. "गटार का तुंबली?" असं विचारू नका, कारण 'का'चं उत्तर टाळता येतं, कागदाची प्रत टाळणं जड जातं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला वीस रुपये.

संबंधित अधिकाऱ्याचं म्हणणं घ्या, त्याने नाही दिलं तर विचारलं होतं हे तारखेसह लिहा. ज्याच्यावर संकट आलंय त्याचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय दाखवू नका, लहान मुलांचा तर नाहीच.

अर्जाचा मसुदा इथे टाका, मी वाचून सांगतो. त्या साहेबांनी पुन्हा कार्ड मागितलं तर अर्जाची पोच दाखवा.