अलीकडचे सुपरहिरोपट आणि हिंदी सिनेमे: तुम्हाला काय आवडलं, काय नाही?

तुम्ही विचारलंय की अलीकडचे सुपरहिरोपट आणि हिंदी सिनेमे यांतलं काय आवडलं, काय डोक्यात गेलं, आणि ‘मार्व्हलचं दुकान बंद पडलं’ हे पटतं का. मार्व्हल या अमेरिकी सुपरहिरोपटांच्या स्टुडिओचं दुकान काही बंद पडलेलं नाही. पण तिथे आता कुणी मेलं तरी मला सुतक लागत नाही. माझी सगळी तक्रार एवढीच आहे.

२०१९ला मार्व्हलच्या ‘एन्डगेम’मध्ये टोनी स्टार्कने, म्हणजे आयर्न मॅनने, जग वाचवायला जिवावर उदार होऊन चुटकी वाजवली तेव्हा एरवी शिट्ट्या मारणारं आमचं थिएटर चिडीचूप झालं होतं. २००८पासून ज्याला बघत आलो तो माणूस गेला होता. मग मल्टिव्हर्स आलं. या विश्वातला गेला की शेजारच्या विश्वातून दुसरा आणायचा! ‘लोगन’मध्ये वुल्व्हरिनला किती मानाने निरोप दिला होता, ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’च्या सुरुवातीलाच त्याची हाडं उकरून त्याच हाडांनी मारामारी. हसलो मी, खोटं कशाला बोलू, पोट धरून हसलो. पण आता ‘डूम्सडे’साठी टोनी झालेल्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरलाच खलनायक डॉक्टर डूम करून परत आणतायत म्हटल्यावर टोनीसाठी गिळलेला आवंढा परत मागावासा वाटतो.

१४ फेब्रुवारी २०२५ला ‘कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आणि ‘छावा’ एकाच दिवशी लागले. कॅप्टनच्या सिनेमात राष्ट्राध्यक्ष रॉस लाल हल्क, म्हणजे अवाढव्य लाल राक्षस, होणार हे ट्रेलरमध्येच दाखवून टाकलेलं, आणि सिनेमा मात्र शेवटापर्यंत ते गुपित असल्यासारखं सांभाळत बसतो. ‘छावा’चा शेवट तर इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतो. संगमेश्वरला काय झालं आणि पुढे तुळापूर-वढूला काय झालं, हे माहीत असूनच लोक तिकीट काढून आत गेले आणि डोळे पुसत बाहेर आले.

याचा अर्थ ‘छावा’ थोर सिनेमा आहे असा नाही. पूर्वार्ध मला भयंकर गोंगाटी वाटला. महाराज हवेतून झेपावतायत, सिंहाशी झुंजतायत, मागे रहमानचं संगीत कानठळ्या बसवतंय. संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणारा माणूस या धबडग्यात कुठे सापडतच नाही. सोयराबाईंना तर एवढी घाईने खलनायिका करून टाकलीय की दिव्या दत्ताला करायला काही उरलंच नाही. पण कैदेतला भाग सुरू झाला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. साखळदंडातले शंभूराजे आणि कवी कलश एकमेकांना काव्याच्या ओळी देतात-घेतात, तो प्रसंग विकी कौशल आणि विनीत कुमार सिंह यांनी असा काही केलाय की आधीचं सगळं माफ. इथे सुटका नाही, दुसरं विश्व नाही, आणि पडद्यावरच्या दोघांनाही ते ठाऊक आहे. अक्षय खन्नाचा थकलेला औरंगजेबही तिथेच खरा वाटायला लागतो.

(जाता जाता: त्याच वर्षी आपल्या सेन्सॉरने ‘सुपरमॅन’मधलं ३३ सेकंदांचं चुंबन कापलं. ‘छावा’तले हालहाल लहान पोरांना मांडीवर घेऊन बघणारे आईबाप मी पाहिलेत. असो.)

‘सुपरमॅन’ मात्र मला आवडला. डेव्हिड कोरेनस्वेटचा सुपरमॅन मार खातो, चिडतो, हट्टी कुत्र्यामागे धावतो, आणि एवढ्या पडझडीत एक खारसुद्धा वाचवतो. मार्व्हलमधला ‘थंडरबोल्ट्स’ त्याहून उजवा. त्यातला खलनायक म्हणजे बॉब नावाच्या पोराच्या आतली पोकळी, आणि शेवटी त्याला बुकलत नाहीत, घट्ट मिठी मारतात. हे लिहिताना बाळबोध वाटतंय, पण फ्लोरेन्स पूने ते पेललंय. ‘फॅन्टॅस्टिक फोर’ दिसायला देखणा, बाकी ठीक.

हिंदीची गंमत अशी की मार्व्हलचा आजार त्यांनी नेमका उचलला. ‘वॉर २’मध्ये हृतिक आणि एनटीआर विमानावर, बर्फात, बोटीवर मारामारी करतात आणि एकालाही खरचटल्यासारखं वाटत नाही. आदित्य सरपोतदारचा ‘मुंज्या’ मला फार आवडला होता, कारण त्याला कोकणातलं गाव होतं, सुहास जोशींची आजी होती. त्याच दिग्दर्शकाचा ‘थामा’ बघताना वाटलं की पुढच्या सिनेमांची जाहिरात बघायला आपणच पैसे मोजलेत. मध्येच याच मालिकेतल्या दुसऱ्या सिनेमातला भेडिया येतो, भांडतो, जातो. ‘सैयारा’ची गाणी चांगली, रडणाऱ्या पोरांचे रील बघून गेलो होतो, मला काही रडू आलं नाही, वयाचा दोष असेल. ‘धुरंधर’ साडेतीन तासांचा असूनही कंटाळा येत नाही आणि अक्षय खन्ना पुन्हा सगळ्यांना खाऊन टाकतो, पण खऱ्या हल्ल्यांच्या ध्वनिफिती कल्पित कथेत मिसळून माझं रक्त तापवण्याचा सिनेमाचा खटाटोप मला खटकला.

हिंदीतला अलीकडचा माझा सर्वांत आवडता म्हणजे नीरज घेवानचा ‘होमबाउंड’. एक मुसलमान, एक दलित, दोघे जिवलग मित्र, दोघांनाही पोलीस शिपाई व्हायचंय, कारण वर्दी अंगावर आली की लोक नाव-आडनाव विचारणार नाहीत अशी आशा. भरतीचा अर्ज भरताना विशाल जेठवाचा चंदन जातीचा प्रवर्ग लपवतो, तिथे तो काही बोलत नाही, तरी सगळं कळतं. मग टाळेबंदी येते आणि ते सुरतहून गावाकडे निघतात. शेवट सांगत नाही. हा सिनेमा पत्रकार बशारत पीर यांनी २०२०मध्ये लिहिलेल्या एका सत्य घटनेवर बेतलाय, एवढं माहीत असलं तरी पुरे.

आणि खराखुरा सुपरहिरोपट हवा असेल तर मल्याळममधला ‘लोका’ बघा. केरळच्या लोककथेतली नीली नावाची यक्षिणी आजच्या बंगळूरमध्ये भाड्याच्या घरात राहून रात्रपाळी करते. कल्याणी प्रियदर्शन फारसं न बोलता शेकडो वर्षांचा शीण दाखवते. मरण येत नाही हेच तिचं दुखणं आहे. हिंदी डबिंगही आहे, पण जमलं तर मूळ मल्याळममध्येच सबटायटल लावून बघा, आणि नावं येऊन गेली तरी लगेच उठू नका, शेवटी अजून एक तुकडा आहे.