वाचक विचारतात : सरासरी पगाराचा तक्ता आणि विषयाची निवड

प्रश्न : माझे शालेय शिक्षण यंदा संपत आहे. गणित मला मनापासून आवडते आणि लिहायलाही आवडते. पदवीसाठी संगणकशास्त्र, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र या तीन विषयांत मन घोटाळते आहे. वडिलांचा कल संगणकशास्त्राकडे आहे, तर बाई संख्याशास्त्र घे म्हणतात. तिन्ही विषयांच्या पदवीधरांच्या सरासरी पगाराचा मी एक तक्ता केला. त्यात संगणकशास्त्र बरेच पुढे दिसते. त्या तक्त्यावर विसंबून निर्णय घ्यावा का?

उत्तर : तक्ता जरूर जपून ठेवा, पण निर्णयाचा भार त्याच्यावर टाकू नका. दहा पदवीधरांपैकी नऊ जणांना प्रत्येकी ४ एकक आणि दहाव्याला ६४ एकक पगार मिळतो असे धरले, तर बेरीज १०० आणि सरासरी १० येते. प्रत्यक्षात १० च्या आसपास कमावणारा त्यांच्यात एकही नाही. पगार चढत्या क्रमाने मांडून मध्यक, म्हणजे बरोबर मधला पगार, काढला, तर तो ४ येतो. म्हणून जिथे मोजक्या लोकांना अफाट पगार मिळतो, त्या क्षेत्राची सरासरी पाहण्याआधी मध्यक शोधावा.

दुसरी अडचण याहून खोल आहे. ज्या विषयाच्या प्रवेशासाठी झुंबड उडते, तिथे चाळणीतून पार पडलेली मुलेच पोहोचतात. मग त्यांना पुढे मिळणारा पगार त्या विषयाचा की त्या मुलांचा, हे नुसत्या तक्त्यावरून सांगता येत नाही. हा पेच अर्थतज्ज्ञांनाही सुटता सुटत नव्हता. जोशुआ अँग्रिस्ट आणि अ‍ॅलन क्रुगर यांनी १९९१ मध्ये त्यावर एक युक्ती काढली. अमेरिकेत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले थोड्या मोठ्या वयात शाळेत जात, आणि शाळा सोडण्याची मुभा ठरावीक वयाला मिळत असल्यामुळे त्यांच्यातल्या काहींचे शिक्षण किंचित कमी होई. जन्माचा महिना काही कोणी गुणवत्तेवर मिळवत नाही. तेव्हा त्याच्या आधाराने शिक्षणाचा मिळकतीवरचा परिणाम वेगळा काढता येईल, असा त्यांचा विचार होता. पुढे त्या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले, पण या वळणाच्या संशोधनाला मान्यता मिळाली आणि २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल डेव्हिड कार्ड, अँग्रिस्ट आणि गुइडो इम्बेन्स यांना विभागून देण्यात आले. हा परिच्छेद वाचताना तुम्हाला त्या युक्तीत त्रुटी शोधाविशी वाटली असेल, तर अर्थशास्त्र तुम्हाला रुचेल; घाईने पुढच्या ओळीवर आला असाल, तर तेही ध्यानात ठेवा.

उरलेल्या दोन विषयांची परीक्षाही अशीच, त्यांच्या रोजच्या कामावरून करावी. संगणकशास्त्राचा विद्यार्थी कधी कधी अख्खी दुपार एकाच चुकीमागे घालवतो आणि शेवटी कळते, की प्रोग्रॅममधले आवर्तन (लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचना) एकदा जास्त फिरत होते. चूक सापडल्यावर जो आनंद होतो तो ज्यांना पुरतो, त्यांच्यासाठी हा विषय उत्तम आहे. संख्याशास्त्रात दुपार वेगळ्या तऱ्हेने जाते. समोर हजारो नोंदींची माहिती असते. एकाच गावाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते, काहींचे वय ९९९ असते, कारण वय ठाऊक नसेल तिथे तो आकडा लिहायचा असे पूर्वी कोणीतरी ठरवलेले असते, आणि ते न ओळखता सरासरी काढली की सगळेच मुसळ केरात. बरेचसे काम हे असेच निवडणे-टिपणे असते. सूत्रे नंतर येतात. पण या विषयाला दुसऱ्यांच्या शेतात शिरण्याची मुभा असते, आणि हे मी अक्षरशः म्हणतो आहे : संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथामस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले, आणि प्रयोगांच्या आखणीचे शास्त्र तिथल्या पिकांच्या चाचण्यांतून उभे राहिले.

माझे मत विचाराल, तर मुख्य विषय संख्याशास्त्र ठेवावा आणि जोडीला प्रोग्रॅमिंग शिकावे. याचे कारण व्यावहारिक आहे. कलनशास्त्र, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता यांची गरज तिन्हीकडे पडते. त्यांचा पाया एकदा पक्का झाला, की पुढे अर्थशास्त्राकडे किंवा संगणकशास्त्राकडे वळणे जमते. उलट प्रोग्रॅमिंग नोकरी करता करता शिकलेले पुष्कळ लोक भेटतात, पण त्या वयात नव्याने गणिताचा पाया घालणारे मला फार थोडे भेटले आहेत. वैद्यकासारख्या परवान्याच्या व्यवसायांत विशिष्ट पदवीवाचून दारच उघडत नाही. तुमच्या तिन्ही वाटांवर सहसा तसे नसते. वडिलांना मात्र एकदा नीट विचारा, की त्यांना संगणकशास्त्र हवे आहे की नोकरीची शाश्वती. ते बहुधा नोकरीची शाश्वतीच म्हणतील, आणि मग बोलणे सोपे होईल.

प्रश्न : भौतिकशास्त्राची दोन वर्षे झाली आहेत आणि आता जीवशास्त्राकडे वळावेसे वाटते. दोन वर्षे वाया जातील या भीतीने पाऊल उचलत नाही. काय करावे?

उत्तर : ती दोन वर्षे, तुम्ही राहिलात तरी आणि गेलात तरी, खर्च झालेलीच आहेत, म्हणून त्यांना हिशेबातून वगळून केवळ पुढच्या वर्षांची तुलना करा. वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७६ मध्ये भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवली आणि त्यानंतर ते जीवशास्त्र शिकण्यासाठी पुन्हा विद्यार्थी झाले. २००९ चे नोबेल मिळाले ते पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी, आणि तेही रसायनशास्त्राचे. अर्थात असे एक उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे, कारण वाट बदलून फसलेल्यांची नावे छापून येत नाहीत. तेव्हा आधी सुट्टीत एखाद्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत महिनाभर मदतनीस म्हणून काम मागा. पिपेटने तेच द्रव शंभर नळ्यांत पुन्हा पुन्हा भरताना दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो की नाही, ते पाहा, आणि अर्ज त्यानंतर भरा.