गेम सुटला, पण संध्याकाळचं काय?

गेमिंगबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेते आहे. मजकूर थोडक्यात दिला आहे आणि ओळख पटेल असा तपशील काढला आहे.

प्रश्न : वय २७, नोकरी बरी आहे. रोज रात्री ‘फक्त एक मॅच’ म्हणून बसतो आणि उठतो तेव्हा अडीच-तीन वाजलेले असतात. गेम अनइन्स्टॉल करतो, चार दिवसांत पुन्हा टाकतो. याला व्यसन म्हणायचं, की माझ्यातच दम नाही?

उत्तर : ‘दम नाही’ हे आधी डोक्यातून काढून टाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. तुम्ही किती तास खेळता यावर ते निदान ठरत नाही. खेळण्यावर ताबा उरला आहे का, बाकीची कामं आणि आवडी मागे पडून गेमच सगळ्यांच्या पुढे गेला आहे का, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच आहे का, हे पाहतात. हे साधारण वर्षभर चाललं असेल आणि घर, काम, अभ्यास यांना जबर फटका बसत असेल, तर तो आजार मानला जातो. निदान मानसोपचारतज्ज्ञ करतील. पण त्याला काय नाव मिळतं याची वाट पाहत बसू नका. काढलेला गेम चार दिवसांत परत टाकावा लागतो, एवढं कळणं कामाला लागायला पुरेसं आहे.

आता तुम्ही नेमके कुठे अडकता ते बघा. मॅच संपते. निकालाचा स्क्रीन येतो. रँकची पट्टी पुढच्या टप्प्याच्या जरा अलीकडे थांबलेली असते, खाली पुढच्या मॅचचं बटण उजळलेलं असतं आणि स्क्वॉडमधले, म्हणजे तुमच्या टीममधले, बाकीचे केव्हाच ‘रेडी’ झालेले असतात. रात्री एक वाजता, दमलेल्या डोक्याने, सगळ्यांना ताटकळत ठेवून त्या पाच-सात सेकंदांत ‘नाही’ म्हणणं कुणालाही जड जाईल. त्यात ही मॅच जिंकू की हरू, क्रेटमधून, म्हणजे गेममधल्या बक्षिसाच्या बंद पेटीतून, काय निघेल, याचा नेम नसतो. बक्षीस कधी मिळेल हे सांगता येत नसेल, तर कबुतरसुद्धा बटणावर चोच मारायचं थांबत नाही, हे बी. एफ. स्किनर यांनी १९५० च्या दशकातच प्रयोगांतून दाखवलं होतं.

म्हणून तो निर्णय त्या सेकंदांवर सोडायचाच नाही. तो दिवसाउजेडी घ्या. स्क्वॉडला ‘मी यापुढे नाही’ असा सरळ मेसेज टाका आणि ग्रुपमधून बाहेर पडा. नुसतं ॲप काढू नका, अकाउंटच कायमचं डिलीट करा. ॲप काढलं तरी तुमची रँक आणि स्किन (पात्राचे पोशाख, शस्त्रांची सजावट) सर्व्हरवर तशाच पडून असतात, आणि त्याच तुम्हाला परत ओढतात. सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका. गेमप्लेचे व्हिडिओ आणि स्ट्रीम अनफॉलो करा, कारण ‘नुसतं बघतो’ म्हणता म्हणता गेम पुन्हा डाउनलोड होतो. आणि फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.

प्रश्न : ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन आठवडे झाले, गेम बंद केलाय. पण सगळंच बेचव लागतं. पुस्तक घेतलं की दहा मिनिटांत उठतो, व्यायामाचा कंटाळा येतो, संध्याकाळ तर खायला उठते. गेम होता तेव्हा निदान मजा तरी होती. सोडला ते चुकलं का?

उत्तर : नाही चुकलं. उलट तू या सगळ्यातल्या सर्वांत अवघड टप्प्यावर आहेस, आणि बहुतेक जण इथूनच मागे फिरतात.

१९९८ साली लंडनमधल्या संशोधकांनी काही जणांना पडद्यावर रणगाडा चालवण्याचा गेम खेळायला दिला आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचा स्कॅन घेतला. खेळताना मेंदूत डोपामिन, म्हणजे बक्षिसाच्या ओढीशी जोडलेलं रसायन, स्रवत होतं, आणि ज्याचा खेळ चांगला त्याच्यात ते जास्त दिसत होतं. तो गेम आजच्या गेमच्या मानाने अगदीच साधा होता. तू वर्षानुवर्षं असा गेम खेळलास, ज्यात दर काही सेकंदांनी आवाज, गुण, शाबासकी मिळते. पुस्तकाचं पान उलटल्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही. सवय व्हायला वेळ लागणारच. ‘अमुक दिवसांत मेंदू रिसेट होतो’ असं सांगणाऱ्या व्हिडिओंवर विसंबू नकोस. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फळ खाणं, थोडं पळणं अशा साध्या सवयी अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ दिवस पुरले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला.

पण नुसते दिवस मोजून भागणार नाही. मला तुला एक विचारायचं आहे. गेममध्ये तुला सगळ्यांत जास्त काय आवडायचं? खरंच बसून लिहून काढ. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन म्हणतात की माणसाला तीन गोष्टींची भूक असते : आपलं आपण ठरवता यावं, काहीतरी नीट जमावं, आणि आपली माणसं असावीत. गेम या तिन्ही भुका भागवतो, म्हणून तर तो इतका धरून ठेवतो. तू गेम काढलास, पण भूक तशीच आहे. रँक चढण्यात तुझा जीव रमत असेल, तर जिथे प्रगती मोजता येते असं काही धर, म्हणजे पोहणं, बुद्धिबळ किंवा एखादं वाद्य. वस्ती, किल्ले, जग उभारण्यात रमायचास, तर हाताने काही बनवायला लाग, कोडिंग शिक, सुतारकाम शिक. आणि रात्रीच्या गप्पांसाठीच खेळत असशील, तर एकट्याने करायचं कुठलंही काम तुला पुरणार नाही. तुला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी माणसं भेटली पाहिजेत. ‘वाचन वाढवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्याला सोबत हवी आहे, त्याच्या तो काहीही कामाचा नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणि मन लागेपर्यंत थांबू नकोस. आधी करायला लागायचं, मन मागून येतं. नैराश्याच्या उपचारातसुद्धा हीच पद्धत वापरतात.

प्रश्न : मॅडम, मुलगा १५ वर्षांचा आहे. जेवायला बोलावलं तरी उठत नाही. परवा वडिलांनी चालू गेममध्येच वायफाय बंद केलं, तर त्याने दार आपटलं आणि दोन दिवस बोलला नाही. फोन काढून घ्यावा का?

उत्तर : चालू मॅचमध्ये वायफाय बंद करू नका. ऑनलाइन मॅच मधेच थांबवता येत नाही. तो बाहेर पडला की त्याच्यामुळे टीम हरते आणि त्याची रँकही घसरते. मित्रांसमोर त्याची मान खाली जाते, हे लक्षात घ्या. त्याऐवजी एक मॅच किती वेळ चालते हे त्यालाच विचारा, आणि ‘आठनंतर नवी मॅच सुरू करायची नाही’ असा नियम दोघांनी मिळून ठरवा. नियम मॅच सुरू करण्यावर हवा.

नुसत्या बंदीने काय होतं याचं उदाहरण दक्षिण कोरियाचं आहे. तिथे २०११ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद होते. मुलं आईवडिलांच्या नावाने लॉगिन करू लागली, बरीचशी मोबाइल गेमकडे वळली, जिथे तो कायदा लागूच नव्हता. २०२२ च्या सुरुवातीला सरकारने कायदा मागे घेतला.

एकदा त्याच्या शेजारी बसून पूर्ण मॅच बघा. उपदेश करू नका, खेळ समजून घ्या. कुणाबरोबर खेळतो, तो टीममध्ये काय करतो, हे विचारा. शाळेत कुणी त्रास देतंय का, एखादा विषय अजिबात झेपत नाही का, हेही अशाच वेळी कळतं. गेम वाढला त्याच सुमारास काय बिघडलं होतं, ते आठवून बघा. मात्र शाळा बुडू लागली, झोप उडाली, तो अंगावर धावून येऊ लागला किंवा मरणाची भाषा बोलू लागला, तर घरच्या घरी प्रयोग करत बसू नका. बालमानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा.

प्रश्न : पूर्ण सोडावं, की फक्त शनिवार-रविवार ठेवावं?

उत्तर : तुम्ही आजवर किती वेळा मर्यादा घालून घेतली आणि किती वेळा मोडली? वारंवार मोडली असेल, तर तो गेम पूर्ण सोडा. ज्याला शेवट आहे, जो एकट्याने खेळून संपतो, असा गेम क्वचित खेळून तुम्ही सहज उठू शकत असाल, तर त्याबद्दल माझी तक्रार नाही. रोजचं लॉगिन, स्ट्रीक (सलग किती दिवस खेळलात याची मोजणी), सीझन (ठरावीक मुदतीची नवी फेरी) अशी ओढ लावणारे गेम मात्र ‘थोडेसे’ खेळण्यासाठी बनवलेलेच नसतात.

प्रश्न : वय ३४. दोन महिने दूर राहिलो आणि गेल्या शनिवारी पहाटेपर्यंत खेळलो. सगळं मुसळ केरात. मला वाटतं, आयुष्याला काही ध्येय असतं तर हे झालंच नसतं. पण ध्येय सापडतच नाही.

उत्तर : दोन महिने कुठेही गेलेले नाहीत. त्या साठेक संध्याकाळी तुम्ही गेमशिवाय काढल्या, म्हणजे ते तुम्हाला जमतं. ॲलन मार्लट या मानसशास्त्रज्ञांनी व्यसनांचा अभ्यास करताना नेमकं हेच नोंदवलं होतं. एकदा पाय घसरला की माणूस ‘आता काय उरलंय’ म्हणून स्वतःला दोष देतो, आणि खरं नुकसान त्या दोषातून होतं, कारण त्यापायी तो दुसऱ्या दिवशीही खेळतो. तेव्हा स्वतःला शिक्षा नको, चौकशी करा. शनिवारी दिवसभरात काय झालं होतं? घरी एकटे होता का? कुणाशी वाजलं होतं का? गेम उघडण्याआधीचा तास जसाच्या तसा लिहून काढा. पुढचा धोका कुठून येणार, ते त्यात दिसेल. मग त्या जागेसाठी एक वाक्य तयार ठेवा : ‘शनिवारी घरी एकटा असलो, तर सहा वाजता अमक्याकडे जाईन.’ वेळ आणि माणूस दोन्ही ठरलेलं हवं.

ध्येयाबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. गेममध्ये पुढची मोहीम समोर लिहून येते, आणि आयुष्यातही तसंच कुणीतरी लिहून देईल अशी आपण नकळत वाट पाहतो. विचार करत बसून ध्येय सापडलेली माणसं मी फार पाहिलेली नाहीत. ज्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली, ते बहुतेक आधी कुठल्यातरी छोट्या कामाला बांधले गेले होते. कुणी मुलांना गणित शिकवायचं कबूल केलं, कुणी म्हाताऱ्या शेजाऱ्यांना दवाखान्यात नेण्याची जबाबदारी घेतली, कुणी ट्रेकिंगच्या गटाचं नियोजन अंगावर घेतलं. आपण गेलो नाही तर कुणाची तरी अडचण होते, हे कळलं की माणूस उठतो. तुम्ही आवड शोधत बसू नका. या आठवड्यात एका माणसाला किंवा संस्थेला फोन करा, शनिवार संध्याकाळचे दोन तास द्या, आणि तीन महिने ते काम सोडणार नाही असं त्यांना आधीच सांगून ठेवा. काम आवडलं की नाही, हे तीन महिन्यांनी मला कळवा.