धाकटा भाऊ कॉलेजच्या फुटबॉल संघात आहे आणि मोबाइलवर सट्टा लावतो. हे गंभीर आहे का?

हो, गंभीर आहे. तो स्वतः खेळाडू आहे म्हणून जास्तच.

मी गोव्यात डिचोलीला पोरांना फुटबॉल शिकवतो. खेळाडूला वाटतं, आपल्याला खेळ कळतो, म्हणजे निकालही कळणार. इथेच तो फसतो. हरल्यावर तो थांबत नाही, गेलेले पैसे परत मिळवायला दुप्पट लावतो, कारण मैदानावर त्याला हेच शिकवलेलं असतं: मागे पडलास तर आणखी जोर लाव. मग मित्रांची उधारी, घरात खोटं बोलणं, रात्रीची जागरणं, सरावाला दांड्या. आणि सर्वांत वाईट म्हणजे, कर्जात बुडालेल्या पोराकडे संघातल्या आतल्या बातम्या मागणारे बरोबर पोचतात.

इटलीचा फुटबॉलपटू सँड्रो तोनाली याला सट्ट्यापायी २०२३ मध्ये दहा महिन्यांची बंदी आली. जुगाराचं व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेला आजार आहे. तेव्हा भावाला ‘वाया गेला’ म्हणू नका.

मांडवी नदीतल्या कॅसिनोंत गोंयकारांना मज्जाव आहे, पण कॅसिनो आता खिशात आलाय. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, तरी वाटा सापडतातच.

आधी एकूण देणं किती ते शांतपणे विचारा. कर्ज गुपचूप फेडून टाकू नका, तो पुन्हा लावेल. यूपीआय काही महिने घरच्यांच्या हाती ठेवा. बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखवा, किंवा आजच १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा.