नायकाला अधिकारी करू नका

प्रश्न : मी एक समकालीन प्रेमकादंबरी लिहीत आहे. नायिका ताराबाई पार्कातील फौंड्रीमालकाची मुलगी आहे आणि नायक त्याच मालकाच्या शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे तयार करणारा कामगार आहे. त्याचे वडीलही तिथेच कामाला आहेत. शेवटी नायक स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिकारी होतो आणि मुलीचे वडील लग्नाला होकार देतात. हस्तलिखित वाचलेल्या मैत्रिणीला हा शेवट पटला नाही. काय करावे? संवाद कोल्हापुरी बोलीत ठेवावेत का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मैत्रिणीचे म्हणणे रास्त आहे. नायक अधिकारी झाला की मालकाची मुलगी आणि कामगार यांच्या लग्नाचा प्रश्न सुटत नाही, तो रद्द होतो. कारण होकार मिळतो तो अधिकाऱ्याला, मोल्डरला नव्हे. त्याला मोल्डरच राहू द्या आणि मग लग्न लावून दाखवा.

वर्गभेद बंगला आणि चाळ यांच्या वर्णनातून फारसा कळत नाही, तो वेळेतून आणि पैशातून कळतो. पाळी संपल्यावर साच्याची काळी वाळू कानामागे, कॉलरमध्ये, नखांत राहते. तशा अवस्थेत रंकाळ्यावर जायचे नाही म्हणून नायक आधी घरी जाऊन आंघोळ करतो आणि दर वेळी उशिरा पोहोचतो. तिला मात्र तो बेफिकीर वाटतो. या एका गैरसमजावर दोन प्रकरणे सहज उभी राहतील. त्याचप्रमाणे तिच्यासाठी सुट्टी म्हणजे सुट्टी असते, तर त्याच्यासाठी तो खाडा असतो आणि बहिणीच्या लग्नासाठी घेतलेली उचल अजून पगारातून कापली जात असते.

आपल्या पत्रात जातीचा उल्लेख नाही. तो टाळू नये, कारण आपल्याकडे पैसा आणि जात सहसा हातात हात घालूनच येतात. शाहू महाराजांनी 1919 मध्ये करवीर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता दिली; कामगाराला जावई करून घेण्यात तर कायद्याची आडकाठी कधीच नव्हती, तरीही मालकाचा पाय अडतोच.

नोंदणी विवाह दाखवणार असाल तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा उपयोग करून घ्या. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात नोटीस लागते आणि हरकतीसाठी 30 दिवसांची मुदत असते. वय, आधीचे लग्न, निषिद्ध नातेसंबंध अशा मोजक्याच कारणांवर हरकत घेता येते. मुलाचा पगार कमी आहे, हे त्यांत बसत नाही. म्हणजे मुलीच्या वडिलांच्या हाती कायदा नाही, पण मुलाच्या वडिलांची नोकरी मात्र त्यांच्याच हाती आहे. आपल्या कादंबरीचा खरा उत्कर्षबिंदू त्या 30 दिवसांत आहे असे मला वाटते. पळून जाण्याचा प्रसंग त्यापुढे फिका पडेल.

बोली अवश्य ठेवा, पण ती फक्त गरिबांच्या तोंडी घालू नका. ‘काय करालायस’ असे कोल्हापुरात मालकही विचारतो. फरक हाक मारण्यात असतो. नायिकेचा तरुण भाऊ नायकाच्या वडिलांना आजवर नुसत्या नावाने, ‘अरे’ म्हणून हाक मारत आला असेल. लग्न ठरल्यावर त्याच माणसाला ‘अहो मामा’ म्हणताना तो अडखळतो का, की त्यांच्याशी बोलणेच टाळतो, हे आधी लिहून काढा. होकाराचे प्रकरण त्यानंतर लिहायला घ्या.