इंग्लिश गायक-गीतकार निक ड्रेकचा ‘पिंक मून’ हा अल्बम समीक्षकांनी खरंच नाकारला होता का?

नाकारला म्हणण्यापेक्षा फारशी दखलच घेतली नाही, हे जास्त खरं. फेब्रुवारी 1972 मध्ये आयलंड रेकॉर्ड्सने तो काढला तेव्हा मोजकीच परीक्षणं आली, विक्रीही नगण्य. निक मुलाखती देत नव्हता, कार्यक्रम करत नव्हता. मग चर्चा होणार कशी?

शिवाय अल्बम जेमतेम 28 मिनिटांचा. आधीच्या दोन अल्बममध्ये व्हायोलिन-चेलोची साथ होती, इथे फक्त आवाज आणि गिटार. शीर्षकगीताच्या मध्यावर पियानोची छोटीशी सुरावट येते, बस्स. ध्वनिमुद्रण लंडनमध्ये रात्रीच्या दोन बैठकांत उरकलं, सोबत फक्त जॉन वुड हा ध्वनिमुद्रक. त्या काळी हे अपुरं वाटलं असेल, पण माझ्या मते तेच याचं बळ आहे: तारेवरून सरकणारं बोटसुद्धा ऐकू येतं.

निक 1974 मध्ये, 26 व्या वर्षी गेला. पुढे 1999 च्या फोक्सवॅगनच्या जाहिरातीत शीर्षकगीत वाजलं आणि अमेरिकेत विक्री एकदम वाढली. मात्र जाहिरातीनेच त्याला मोठं केलं, हे मला अजिबात पटत नाही. ‘फ्रूट ट्री’ हा निकच्या अल्बमचा एकत्रित संच 1979 मध्येच आला होता आणि संगीतकारांमध्ये त्याचं नाव तेव्हापासून मानानं घेतलं जात होतं. आज ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या 500 सर्वोत्तम अल्बमच्या यादीत ‘पिंक मून’ आहे.

एक विनंती: ‘उदास अल्बम’ एवढाच शिक्का मारू नका. शेवटचं ‘फ्रॉम द मॉर्निंग’ ऐका, ते चांगलंच प्रसन्न आहे.