सागरी अभयारण्याची सुरुवात कुठून करावी?

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, तरी स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध का राहिला, आणि अशा क्षेत्राचे व्यवस्थापन परिणामकारक करायचे तर सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे.

त्या पाण्यात रोज कोण जाते, कोणत्या हंगामात आणि कोणते जाळे घेऊन, याची नोंद आधी करावी आणि सीमा त्यानंतर आखावी, असे मुंबईच्या कोळीवाड्यांत बरीच वर्षे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे. मालवणच्या २९.१२ चौरस किलोमीटरपैकी गाभा क्षेत्र, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांचा भाग, अवघे ३.१८ चौरस किलोमीटर आहे. पण ते बंदराच्या लगत, लहान होड्यांच्या रोजच्या वाटेवर येते. मुंबईतल्या एका कोळीवाड्यात मी नकाशा पसरला, तेव्हा वयस्क तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) अक्षांश-रेखांशांकडे पाहिलेही नाही. देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत आले की आपली डोल (खुंटांना बांधलेले पिशवीसारखे जाळे) कुठे लागते, ते त्यांनी पेन्सिलीने दाखवले. आमची रेषा त्यांच्या खुंटांमधूनच जात होती. ती आम्ही त्याच संध्याकाळी बदलली.

दुसरी गोष्ट नुकसानभरपाईची. जाळ्यात कासव किंवा बहिरी मोरी (व्हेल शार्क) अडकली की जाळे कापावे लागते आणि ऐन हंगामात घरचे उत्पन्न बुडते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अशा जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली, ती मला फार मोलाची वाटते. मात्र पैसे किती दिवसांत हातात पडतात, यावरच पुढच्या खेपेला कोयता जाळ्यावर चालेल की नाही ते ठरते.

गस्तीला बोट आणि डिझेल हवेच, हे वेगळे सांगायला नको.

ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण भरतीबरोबर येणारे सांडपाणी आणि प्लॅस्टिक कोणतीही सीमा मानत नाही. म्हणून व्यवस्थापनाच्या बैठकीत महापालिकांचे मलनिःसारण अभियंते बसलेच पाहिजेत.

मेक्सिकोतील काबो पुल्मो येथे १९९५ मध्ये संरक्षण लागू झाले आणि १९९९ ते २००९ या काळात माशांचा जैवभार, म्हणजे त्यांचे एकूण वजन, ४६३ टक्क्यांनी वाढला. तिथली राखण मुख्यतः स्थानिक कुटुंबांनी केली. आपण मालवणात काम करणार असाल, तर पहिले वर्षभर एक नोंदवही मच्छीमार सोसायटीतच ठेवा आणि कोणत्या होडीला कुठे काय मिळाले, ते तांडेलांनाच लिहू द्या.